वर्षाचा ताळेबंद आणि बारा वर्षांची शाळा

शाळांच्या तरतुदीला कात्री लागते तेव्हा तिची बातमी टक्क्यांत येते. तीन टक्के, चार टक्के असे आकडे ऐकून कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही, कारण घरखर्चातली एवढी ओढाताण आपण सगळेच अधूनमधून सोसतो आणि निभावूनही नेतो. शाळेच्या खर्चाची घडण मात्र निराळी असते. बहुतेक देशांत शाळांच्या चालू खर्चाचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग वेतनावर जातो आणि वेतन हे कायद्याने, करारांनी व सेवाशर्तींनी बांधलेले असते. एखाद्या शाळेचा वर्षाचा खर्च शंभर धरला, तर त्यातले पंचाहत्तर असे आधीच गेलेले असतात. उरलेल्या पंचविसांतून वीज, पाणी, विमा, वाहतूक, स्वच्छता ही न टळणारी देणी वजा केली, की मुख्याध्यापकांना खरोखर इकडचे तिकडे करता येतील असे दहा-एक हाती राहतात. वरून आलेली चारची कपात या दहांवर पडते. मंत्रालयाच्या कागदावर चार टक्के असलेली गोष्ट शाळेच्या फाटकातून आत येईपर्यंत चाळीस टक्के झालेली असते.

या दहांत काय काय येते, हे शाळेबाहेरच्या माणसाला चटकन सुचत नाही. ग्रंथालयातली नवी पुस्तके, प्रयोगशाळेतली रसायने आणि काचसामान, रजेवर गेलेल्या शिक्षकाच्या जागी येणारा बदली शिक्षक, चित्रकला-संगीताचे तासिका तत्त्वावरचे शिक्षक, समुपदेशक, वाचनात मागे पडलेल्या मुलांचा जादा वर्ग आणि गळके छत. या सर्वांत एक साम्य आहे, ते म्हणजे त्यांच्या बाजूने भांडायला कुणी नसते. कपात कुठे करावी हा प्रश्न त्यामुळे शैक्षणिक राहतच नाही. जिथे कमीत कमी आरडाओरड होईल तिथे ती होते. तेवढ्यानेही भागले नाही, की नजर रिक्त पदांकडे वळते. निवृत्त झालेल्या शिक्षकाची जागा न भरणे हा कपातीचा सर्वांत सभ्य प्रकार मानला जातो, कारण त्यात कुणालाही घरी पाठवावे लागत नाही. त्या शिक्षकाच्या तासिका मात्र निवृत्त होत नाहीत.

म्हणून कपातीने खर्च कमी होतो, हे विधान मला अर्धवट वाटते. बराचसा खर्च केवळ जागा बदलतो. सरकारी वहीतून निघून तो शिक्षकाच्या संध्याकाळीत, पालकांच्या खिशात, इमारतीच्या छतात आणि मुलाच्या पुढच्या आयुष्यात जाऊन बसतो. आणि या चारही ठिकाणी लेखापरीक्षक फिरकत नसल्यामुळे त्याला बचत म्हणता येते.

हे जागा बदलणे कसे घडते ते रसायनशास्त्राच्या एका तासात पाहता येईल. चाळीस मुलांच्या वर्गाला अनुमापनाचा, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून रंग बदलेपर्यंत किती लागले ते मोजण्याचा, प्रयोग करायचा आहे. चार-चार मुलांचे दहा गट, प्रत्येक गटाला एक ब्युरेट (थेंब सोडायची मापनळी), एक स्टँड, एक शंकूपात्र आणि एक पिपेट. आम्ल आणि आम्लारी यांची द्रावणे आदल्या दिवशी मोजून-मापून करून ठेवायची, बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, गळणारी ब्युरेट बाजूला काढायची आणि तास संपल्यावर सगळी काच धुवून जागेवर ठेवायची. हे काम प्रयोगशाळा सहायकाचे असते. त्याचे पद रद्द झाले, की ते शिक्षकाकडे येते. पण शिक्षकाचा या तासाच्या आधीचा तास दुसऱ्या तुकडीवर असतो आणि नंतरचा तिसऱ्या. पहिल्या वर्षी दहा गटांचे पाच होतात. पुढच्या वर्षी फुटलेल्या ब्युरेटी बदलून मिळत नाहीत आणि पाचाचे दोन होतात. तिसऱ्या वर्षी प्रयोग शिक्षकांच्या टेबलावर होतो आणि वर्ग तो पाहतो. मागच्या बाकावरच्या मुलीला द्रावणाला फिकट गुलाबी रंग नेमका कोणत्या थेंबाला आला ते दिसत नाही, म्हणून फळ्यावर लिहिलेले वाचन ती वहीत उतरवते. चाळीसही प्रयोगवह्यांत दशांशापर्यंत तेच वाचन असते. वह्या पूर्ण आहेत, तपासणीत शेरा चांगला मिळतो, अभ्यासक्रमातला प्रयोग 'झालेला' आहे. थेंब सोडताना हात थांबवायला उशीर झाला, रंग गडद झाला आणि सगळे ओतून पुन्हा सुरुवात करावी लागली, हा अनुभव मात्र कुणाच्याच वाट्याला आला नाही. आणि विज्ञान जे काही शिकवते त्यातले बरेचसे त्या चुकलेल्या थेंबात असते. असा प्रकार कोणत्याही अहवालात 'घट' म्हणून नोंदवला जाणार नाही, कारण नोंदवायला रकानाच नाही.

भाषेच्या शिक्षकाचा हिशेब याहून साधा आहे. एक निबंध वाचून, चुका दाखवून, दोन ओळींचा शेरा लिहायला सहा मिनिटे लागतात असे धरू. तीस मुलांचा वर्ग असेल तर तीन तास, चाळीसचा असेल तर चार. अशा दोन तुकड्या असल्या तर सहाचे आठ तास होतात आणि हे सारे शाळा सुटल्यानंतरचे. काही महिने शिक्षक ते दोन तास स्वतःच्या घरातून काढतो. मग महिन्याचे दोन निबंध एकावर येतात आणि त्यानंतर दोन ओळींच्या शेऱ्याची जागा बरोबरची खूण आणि तारखेसह सही घेते. याला कुणी कामचुकारपणा म्हणेल. मला त्यात एक माणूस आपल्या ताकदीचे रेशनिंग करताना दिसतो; आणि ज्याला हे रेशनिंग जमत नाही, जो पहिल्यासारखेच आठ तास घालत राहतो, तोच बहुधा चार वर्षांनी पेशा सोडतो.

पेशा सोडण्याचा परिणाम सोडणाऱ्याच्या वर्गापुरता राहत नाही. न्यूयॉर्क शहरातल्या चौथी-पाचवीच्या विद्यार्थ्यांच्या आठ वर्षांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या इयत्तांत शिक्षकांची ये-जा जास्त होती तिथे मुलांचे भाषा आणि गणिताचे गुण खालावले होते, आणि ज्या मुलांचे स्वतःचे शिक्षक शाळेत टिकून होते त्यांच्यावरही तो परिणाम दिसत होता. शाळेत राहणाऱ्या शिक्षकाला दरवर्षी नव्या सहकाऱ्याला शाळेची रीत, मुलांची नावे आणि घरची परिस्थिती समजावत बसावे लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या निष्कर्षाचे नवल वाटणार नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अंदाजानुसार २०३० पर्यंत सर्वांना शालेय शिक्षण द्यायचे तर जगाला आणखी ४.४ कोटी शिक्षक लागतील. असलेले शिक्षक टिकवणे हा त्यातला स्वस्तातला मार्ग आहे, आणि कपात नेमकी त्याच्यावर घाव घालते.

आता दुसरी बाजू पाहिली पाहिजे. ती लटकी नाही. पैशाने शिक्षण सुधारत नाही, असे म्हणणाऱ्यांकडे पुरावा आहे. अमेरिकेत समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांच्या नेतृत्वाखाली सुमारे ४,००० शाळांतील सहा लाखांवर विद्यार्थ्यांची पाहणी झाली आणि १९६६ च्या त्या अहवालाने सर्वांना चकित केले. मुलांच्या यशातला फरक शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या परिस्थितीने कितीतरी अधिक ठरतो, असा त्याचा सूर होता. पुढे ऐंशीच्या दशकात अर्थशास्त्रज्ञ एरिक हानुशेक यांनी अनेक अभ्यास एकत्र करून खर्च आणि गुण यांत ठाम व सातत्याचा संबंध दिसत नाही, असे मांडले. अलीकडचे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. तिथे २००५ च्या कायद्याने पात्रता प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचे मूळ वेतन जवळपास दुप्पट झाले. संशोधकांनी काही शाळांत ही वाढ आधी लागू करून तुलना केली, तेव्हा शिक्षक अधिक समाधानी दिसले, त्यांची जोडनोकरी कमी झाली, आणि मुलांच्या गुणांत काहीच फरक पडला नाही. कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये खालच्या इयत्तांचे वर्ग एकदम तीसवरून वीस मुलांवर आणले, तेव्हा रातोरात हजारो शिक्षक हवे झाले आणि पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती करावी लागली. पैसा घाईने आणि आंधळेपणाने ओतला तर तो वाहून जातो, हे मान्य केल्याशिवाय या विषयावर प्रामाणिकपणे बोलता येणार नाही.

पण या पुराव्यातून जो निष्कर्ष काढला जातो त्यात एक उडी आहे. पैसे वाढवून शिक्षण सुधारेलच असे नाही, यावरून पैसे काढून घेतल्याने ते बिघडणार नाही, असे ठरत नाही. रोपाला दुप्पट पाणी घातले म्हणून ते दुप्पट वाढत नाही, हे खरे आहे. त्यावरून निम्मे पाणी तोडायला कुणी निघत नाही. शिवाय जुन्या तुलनांत एक खोट होती. अनेक ठिकाणी गरीब वस्तीतल्या आणि अडचणीतल्या मुलांच्या शाळांना मुद्दाम जास्त पैसा दिला जातो. अशा शाळांचे गुण कमी आणि खर्च जास्त दिसला, की पैसा निरुपयोगी आहे असे वाटू लागते. दवाखान्यात जास्त वेळा जाणारे लोक जास्त आजारी असतात म्हणून दवाखान्याला दोष देण्यासारखे ते आहे. नंतरच्या संशोधकांनी ही खोट टाळण्याच्या वाटा शोधल्या. अमेरिकेत १९७० नंतर न्यायालयांच्या निकालांमुळे अनेक राज्यांत शाळांच्या निधीची वाटणी बदलली. १९५५ ते १९८५ या काळात जन्मलेल्यांचा माग काढून अर्थशास्त्रज्ञ किराबो जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवले, की शालेय शिक्षणाच्या बाराही वर्षांत दर विद्यार्थ्यामागचा खर्च दहा टक्क्यांनी अधिक राहिला, तर त्या मुलांचे पुढचे वेतन सुमारे सात टक्क्यांनी वाढले आणि प्रौढपणी दारिद्र्यात पडण्याचे प्रमाण घटले. परिणाम गरीब घरांतल्या मुलांत सर्वाधिक होता. यातली 'बाराही वर्षे' ही अट मला फार महत्त्वाची वाटते. दोन वर्षे सढळ हात आणि तिसऱ्या वर्षी कात्री असा खेळ त्यात नव्हता.

कपातीचा थेट अभ्यासही झाला आहे. २००८ च्या मंदीनंतर अमेरिकेत शाळांचा निधी बराच आटला, पण सर्वत्र सारखा नाही. ज्या राज्यांतल्या शाळा राज्य सरकारच्या पैशावर अधिक अवलंबून होत्या तिथे फटका मोठा बसला. या फरकाचा आधार घेऊन जॅक्सन, विगर आणि शिओंग यांनी २०२१ मध्ये काढलेला निष्कर्ष असा, की दर विद्यार्थ्यामागे एक हजार डॉलर कमी झाले तर गुण तर खालावलेच, शिवाय महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण सुमारे २.६ टक्के बिंदूंनी घसरले, आणि गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या गुणांतली दरी रुंदावली. गुणांचा भाग संख्याशास्त्राच्या भाषेत लहान दिसतो. महाविद्यालयाचा आकडा तसा नाही. शंभरातली दोन-तीन मुले, जी गेली असती, ती गेली नाहीत. आणि ती कोण होती हे कुणालाच कधी कळणार नाही, त्यांना स्वतःलाही नाही.

वर्गातील पटसंख्येबद्दलही वाद बराच आहे, तरी टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झालेला प्रयोग बाजूला सारता येत नाही. ७९ शाळांतल्या सुमारे ११,६०० मुलांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे लहान (१३ ते १७) आणि नेहमीच्या (२२ ते २५) वर्गांत विभागले होते, आणि शिक्षकही तसेच नेमले होते. लहान वर्गांतली मुले पुढे राहिली, गरीब घरांतली विशेष करून. नेहमीच्या वर्गात शिक्षकाच्या मदतीला पूर्णवेळ साहाय्यक दिल्याने मात्र फारसा फरक पडला नव्हता. तेव्हा लहान मुलांच्या वर्गातून शिक्षक काढायचे आणि 'साहाय्यक देऊ' म्हणून समजूत घालायची, या नेहमीच्या तडजोडीचा विचार निदान पहिली-दुसरीपुरता तरी पुन्हा व्हायला हवा.

कपात कुठवर जाऊ शकते ते अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याने दाखवले. १९९२ मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या तरतुदीमुळे तिथे करवाढीला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत तीन चतुर्थांश बहुमत लागते. कर कमी करायला साधे बहुमत पुरते. अशा रचनेत पाणी एकाच दिशेने वाहणार हे उघड होते. २००८ नंतरच्या दशकात राज्याकडून दर विद्यार्थ्यामागे मिळणारा निधी महागाई वजा जाता चतुर्थांशाहून अधिक घटला. पाचांपैकी जवळपास एका शालेय जिल्ह्याने (शाळा चालवणाऱ्या स्थानिक विभागाने) आठवड्याचे चारच दिवस शाळा भरवायला सुरुवात केली. यात पैसा फार वाचत नाही, कारण वेतन तेच राहते. वाचते ते बसचे इंधन आणि विजेचे थोडे बिल. तरीही ते केले गेले, कारण चार दिवसांच्या नोकरीच्या आमिषाने तरी कमी पगारावर शिक्षक येतील, अशी आशा होती. एप्रिल २०१८ मध्ये शिक्षक काम सोडून राज्याच्या राजधानीत उतरले आणि पाने सुटलेल्या पाठ्यपुस्तकांची, मोडक्या खुर्च्यांची छायाचित्रे जगभर गेली. पाचव्या दिवशी घरी राहिलेले मूल सांभाळायला कोण होते आणि त्यासाठी कुणी किती मजुरी बुडवली, हा खर्च राज्याच्या कोणत्याच खात्यात आला नाही.

दुरुस्ती पुढे ढकलण्याचे उदाहरण म्हणून मी इंग्लंडकडे पाहतो, कारण तिथे सगळा हिशेब पुढे उघडा पडला. तिथल्या शाळांवरचा दर विद्यार्थ्यामागचा खर्च २००९-१० ते २०१९-२० या दशकात महागाई वजा जाता सुमारे नऊ टक्क्यांनी घटला. निदान चाळीस वर्षांत एवढी घट झाली नव्हती. २०१० च्या जुलैमध्ये नव्या सरकारचे शिक्षणमंत्री मायकल गोव्ह यांनी शाळांच्या पुनर्बांधणीचा आधीच्या सरकारचा मोठा कार्यक्रम थांबवला. त्या कार्यक्रमात उधळपट्टी होती, अशी टीका होती आणि तिच्यात तथ्यही असावे. परंतु जुन्या इमारती त्या टीकेमुळे नव्या झाल्या नाहीत. १९५० च्या दशकापासून नव्वदच्या दशकापर्यंत तिथे छतांसाठी हलक्या, फुगवलेल्या काँक्रीटचे पत्रे सर्रास वापरले गेले होते. २०१८ मध्ये केंट परगण्यातल्या एका प्राथमिक शाळेचे असे छत कोसळले. दिवस सुट्टीचा होता म्हणून कुणी सापडले नाही. २०२३ च्या जूनमध्ये राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोंदवले, की शिक्षण खात्याने इमारतींसाठी वर्षाला ५.३ अब्ज पौंडांची गरज सांगितली होती आणि मंजूर झाले सरासरी ३.१ अब्ज. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला, शाळा उघडायला काही दिवस उरले असताना, शंभरावर शाळांना त्या काँक्रीटच्या इमारती बंद करायला सांगण्यात आले. मुले तात्पुरत्या खोल्यांत, तंबूंत, काही पुन्हा घरी संगणकासमोर. खात्याचे माजी सर्वोच्च अधिकारी जोनाथन स्लेटर यांनी तेव्हा सांगितले, की वर्षाला तीनशे ते चारशे शाळा नव्याने बांधण्याची गरज होती, पैसा शंभरांसाठी मिळत होता, तो दुप्पट करा अशी मागणी गेली आणि उत्तरादाखल संख्या पन्नासवर आली.

या गोष्टीत खलनायक शोधण्यात मला रस नाही. प्रत्येक अर्थमंत्र्याच्या समोर त्याच्या वर्षाचा ताळेबंद होता आणि त्या-त्या वर्षी छत पडले नव्हते. मुळात अडचण हीच आहे, की पैसा वर्षाच्या मापाने मोजला जातो आणि शाळा बारा वर्षांच्या. ज्याने कपात केली त्याला तिचे श्रेय त्याच मार्चमध्ये मिळते. परिणाम दिसतात तेव्हा त्या जागेवर तिसराच कुणी बसलेला असतो.

पालकांच्या खिशाबद्दल फार लिहायला नको. शिकवण्या, सहलीची वर्गणी, 'ऐच्छिक' देणगी हे सर्वांच्या परिचयाचे आहे. ज्या शाळेतले पालक ही भर घालू शकतात तिथे कपात जाणवत नाही, आणि जाणवत नाही म्हणून तिच्याविरुद्ध बोलतही कुणी नाही. बोलू शकणारे पालक पैसे देऊन मोकळे होतात आणि ज्यांना देता येत नाही त्यांना सहसा बोलताही येत नाही.

पैसा कमी असतोच, हेही तितकेच खरे. काही भागांत जन्मदर घटल्याने पट खरोखरच ओसरतो आहे आणि तिथे तेवढेच वर्ग चालवत राहा, असे माझे म्हणणे नाही. शिक्षणाविषयीच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय इंचॉन जाहीरनाम्यात शिक्षणावर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या चार ते सहा टक्के किंवा सरकारी खर्चाच्या पंधरा ते वीस टक्के रक्कम खर्च करण्याचे माप सांगितले गेले, ते दिशा म्हणून ठीक आहे. एखाद्या मंदीच्या वर्षी काय करावे याचे उत्तर त्यात नाही. माझी मागणी त्याहून लहान आहे. शाळांच्या कपातीचा प्रत्येक आदेश एका जोडपत्रासह निघावा. कोणते काम थांबणार, ते काम यापुढे कोण करणार आणि किती वेळात, कोणत्या इयत्तांना त्याची झळ लागणार, आणि रक्कम परत कधी मिळणार, असे चार रकाने त्यात असावेत. शेवटचा रकाना महत्त्वाचा आहे, कारण पैसा दोन वर्षांनी परत आला तरी तिसरीतले मूल तोवर पाचवीत गेलेले असते आणि त्याला तिसरी पुन्हा मिळत नाही. रद्द झालेले पदही सहजी जिवंत होत नाही. त्यावर काम करणारा माणूस दरम्यान दुसरीकडे रुळलेला असतो.

दुसरा रकाना भरताना अधिकाऱ्यांची खरी पंचाईत होईल. प्रयोगशाळा सहायकाच्या पदापुढे बहुधा 'संबंधित विषय शिक्षक' असे लिहिले जाईल. तसे लिहायला हरकत नाही. फक्त त्या शिक्षकाचा आधीचा आणि नंतरचा तास कुणाकडे सोपवला, हेही त्याच ओळीत नोंदवावे.